पुलावरचे तीस सकपाळ

सकपाळदादांचा चेहरा पहिल्या दिवशी माझ्या लक्षातच आला नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. साफ खोटं आहे ते. चांगले डोळे फाडून बघितला होता. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी नवीन लागले होते आणि समोरच्या टेबलावर हे बसलेले. डाव्या डोळ्याभोवती पांढरं, ओठाच्या कोपऱ्यात पांढरं, कानाखालून पार मानेपर्यंत पांढरं, आणि बाकीचा चेहरा काळासावळा. मी बघितलं आणि पटकन वर पंख्याकडे बघायला लागले.

"बाई, पंखा जुनाच आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "हे कोड. लागत नाही, दुखत नाही, जात नाही. आता बसा आणि हजेरीपटावर सही करा."

नव्या प्रत्येक माणसाला ते पहिल्या मिनिटात हे सांगून मोकळे व्हायचे. दाखले न्यायला येणारी पोरं खिडकीतून टकमक बघत राहायची, तर म्हणायचे, "आधी पोटभर बघून घे बाळा, मग फॉर्म भर. नाहीतर बघता बघता स्वतःची जन्मतारीख चुकवशील." पोरं लाजायची, मग हसायची. दुसऱ्या वर्षाला तीच पोरं "सकपाळ सरच पाहिजेत" म्हणून खिडकीत अडून बसायची, कारण त्यांच्याकडचा दाखला कधी चुकायचा नाही आणि कधी 'उद्या या' व्हायचं नाही.

आमच्या ऑफिसात चहाचे ग्लास सहा, आणि सातवा खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा. कुणी ठेवला, कधी ठेवला, कुणी कबूल करायचं नाही. दादा तो आपणच उचलून आपणच धुवायचे. एकदा मला म्हणाले, "मला एकच कळत नाही बाई. हा ग्लास जातीसाठी वेगळा की डागांसाठी? एकदा ठरवून सांगितलं असतं, तर माझंपण डोकं शांत झालं असतं." आणि हसले. मी हसले नाही. त्या ग्लासला मी पण वर्षभर हात लावला नव्हता. लाज वाटते, पण लिहिते.

त्यांचं गाव देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात. बायको लवकर गेली, मुलगी दहावीत असताना. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. तिला त्यांनी फार्मसीपर्यंत शिकवलं. ती शिकायला बाहेर राहायला लागली तसं घर खायला उठलं. तेव्हा सुट्टीत आलेल्या प्रज्ञाने त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर एक गेम घालून दिला. "पप्पा, भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा हा खेळा. मी पण तिकडून खेळेन, आपली आत भेट होईल."

त्यातलं मला काडीचं कळत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा आटपून ते रेकॉर्ड रूममध्ये लॅपटॉप उघडून बसायचे, आणि मी आपली बडीशेप चघळत मागे उभी. मला समजलं ते इतकंच. एक मोठं थोरलं राज्य आहे, डोंगर, नद्या, बाजार, राक्षस. कुठकुठल्या मुलखातली हजारो माणसं आपापल्या घरून एकाच वेळी त्यात शिरतात. पण शिरण्याआधी आपलं माणूस आपण बनवायचं. उंची, रंग, नाक, हनुवटी, एकेकाला एकेक पट्टी, ती मागेपुढे सरकवायची की चेहरा बदलतो. लोक पाच मिनिटांत एखादा देखणा गडी बनवतात आणि तलवार घेऊन पळतात. सकपाळदादा अकरा दिवस चेहऱ्यावरच अडले होते.

"साळवीबाई, जरा आरसा धरा. सरळ धरा हो. तुमचं तोंड नको, माझं दाखवा."

घरून दाढीचा आरसा आणला होता. त्यात बघायचे, पट्टी केसभर सरकवायचे, परत बघायचे. नाक जमलं. खालचा जाड ओठ जमला. पण कोड काही त्या गेममध्ये नव्हतं. तलवारीच्या जखमांचे व्रण ढीगभर, गोंदणं ढीगभर, एक डोळा फुटका हवा तर तोही होता, पण कोड नाही. शेवटी त्यांना लढाईच्या आधी तोंडाला फासायची राख सापडली. ती राख त्यांनी डोळ्याभोवती, ओठाशी, कानाखाली अशी लावली, पुसली, परत लावली. कानाखालचा डाग खालच्या बाजूला जरा फाटतो. तो फाटा जमेपर्यंत दोन दिवस गेले.

मला राहवेना. म्हटलं, "दादा, काय हो हे! देवाने आयती संधी दिली. गोरे व्हा, पंचवीस वर्षांचे व्हा, छाती काढून फिरा. तिथेपण हेच तोंड घेऊन कशाला जाताय?"

"तिथे सगळे तेच करतात ना," ते म्हणाले. "बाजारात शंभर माणसं उभी असतात आणि नाकं बघाल तर तीनच. सगळे गोरे, सगळे उंच, सगळ्यांच्या हनुवटीला खळी. मी दुसऱ्याचं तोंड लावून गेलो, तर तिथे गेलं कोण? मी इथेच राहिलो की, गठ्ठ्यांत."

बाकीच्यांची नावं वाऱ्याचा राजा, काळा वाघ अशी. यांनी ठेवलं, सकपाळ. झालं. पहिल्याच दिवशी कुणा परदेशी माणसाने लिहून विचारलं, हा तोंडाला कुठल्या कुळाचा रंग? दादांनी एका पांढऱ्या बोटाने टाइप केलं, संगमेश्वर तालुका. तो माणूस बिचारा ते कुळ गेममध्ये शोधत बसला असेल.

हे सगळं गमतीचं. खरी गोष्ट पुढेच आहे.

प्रज्ञाला स्थळं बघायला लागले. पहिल्या स्थळाची मंडळी आली, चहा झाला, मुलगी पसंत, सगळं गोड. मग दादा बाहेर आले आणि आपल्या सवयीने म्हणाले, "हे कोड. लागत नाही." दुसऱ्या दिवशी फोन आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. दुसऱ्या स्थळाने निदान खरं सांगितलं, पुढे पोराबाळांना झालं तर काय करायचं? तिसरं आलंच नाही, कुणीतरी आधीच कानावर घातलं असावं. प्रज्ञा म्हणायची, नको मला लग्न. त्या दिवसांत दाखल्यांवरचं दादांचं अक्षर बिघडलं. ते मला दिसायचं.

चौथं स्थळ खेडचं. मुलगा चांगला, औषधांच्या दुकानात भागीदार, माणसं शिकलेली. बोलणी करायला गेला होता प्रज्ञाचा मामा, मुंबईचा. तिथे मुलाच्या आईने विचारलं, मुलीचे वडील नाही आले? आणि हा मामा फट्‍दिशी बोलून गेला, "ते बोटीवर असतात."

आता हे आपल्याकडेच चालतं. दुसरीकडे कुठे असं सांगितलं तर लोक दहा प्रश्न विचारतील. आपल्या जिल्ह्यात कुणी बोटीवर आहे म्हटलं की कुणाला काहीच विचारावंसं वाटत नाही, कारण प्रत्येकाच्या वाडीत एकतरी माणूस बोटीवर असतोच. कधी येणार? बोट लागली की. संपला विषय.

मामाने येऊन हे सांगितलं तेव्हा दादा आधी पोट धरून हसले म्हणे. "अरे, जयगडच्या फेरीबोटीत ओकणारा माणूस मी. मला कशाला समुद्रावर पाठवलंस?" प्रज्ञा मात्र भडकली. आत्ताच्या आत्ता फोन करून खरं सांगते म्हणाली. तर दादांनी तिचा फोन काढून घेतला आणि तिला स्वतःची शप्पथ घातली.

मला हे त्यांनी दुसऱ्या दिवशी गठ्ठे बांधता बांधता सांगितलं. मी संतापलेच. "तुम्ही? अख्ख्या जगाला पहिल्या मिनिटात सांगणारे तुम्ही? आणि स्वतःच्या मुलीच्या सासरी बोटीवर जाऊन बसणार?"

"माझं काय, एक तोंड," ते म्हणाले. "तिचा अख्खा जन्म आहे बाई."

लग्नालासुद्धा बोट लागली नाही. खेडलाच लग्न, मोजकी माणसं. गावच्या लोकांनी तोंडं मिटून घेतली. खेड आणि देवरूख काय लांब आहे का, पण लपवायला प्रत्येकाच्याच घरात काहीतरी असतं. लग्न साडेअकराचं. अकरा वाजता सकपाळदादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आपल्या टेबलावर बसून दाखले लिहीत होते. मला बघवेना. सव्वाअकराला ते उठून रेकॉर्ड रूममध्ये गेले. पाच मिनिटांनी मी पण गेले.

गेममध्ये एव्हाना त्यांची एक टोळी झालेली होती, पंधरा-वीस जणांची. कोण कुठला, कुणाला माहीत. दादांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना कळवलं होतं की आज माझ्या मुलीचं लग्न आहे आणि मी जाऊ शकत नाही. त्या लोकांनी काय करावं? नदीवरच्या पुलावर दोन रांगा केल्या. सगळे गोरे, सगळे उंच, सगळ्यांच्या हनुवटीला खळी. साडेअकराला सगळ्यांनी तलवारी वर धरल्या, आणि मधून तो राखेच्या डागांचा सकपाळ सावकाश चालत गेला. इकडे दादा खुर्चीवरून उठून उभे राहिले होते, हात जोडून. त्रिशरण म्हणत होते, तोंडातल्या तोंडात. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी पण रडले. माझ्या स्वतःच्या भावाच्या लग्नात रडले नव्हते एवढी रडले.

लग्नानंतर प्रज्ञाला फोनवर मोकळं बोलता येईना. व्हिडिओ तर लांबच, सासूबाई शेजारी असायच्या. बोटीवर रेंज नसते, हे एक बरं होतं. मग बापलेक रोज दुपारी दीडला त्या पुलावर भेटायचे. प्रज्ञाने आधी तिथे आपलं माणूस चारचौघींसारखं देखणं केलेलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या हनुवटीवर एक पांढरा ठिपका होता.

"हे काय केलंस?" दादांनी लिहिलं.

"तुमची मुलगी आहे ते कळायला नको?" तिने लिहिलं.

काय भाजी केली, दुकानात जाते का, पाय सुजलेत का, असलं सगळं त्या राक्षसांच्या राज्यात चालायचं. मी मागे उभी राहून वाचायची. वाचू नये, पण वाचायची. त्यांनीही कधी मला हटकलं नाही.

मग ती फॅशनची भानगड झाली. टोळीतल्या एका पोराने दादांकडे त्यांच्या चेहऱ्याची फाईल मागितली. त्या गेममध्ये तसं देता येतं, एकाने बनवलेला चेहरा दुसऱ्याने जसाच्या तसा लावायचा. मी म्हटलं, देऊ नका हो, अकरा दिवस खपलात. पण दादांना काय आनंद झालेला! "बाई, आजवर हे तोंड कुणी फुकट घेतलं नसतं. आणि हा मागून घेतोय!" दिली फाईल. त्याने ती आणखी कुणाला दिली, त्याने आणखी कुणाला. राखेचे डाग लोकांना भारी वाटले. वेगळा दिसतो म्हणून एकाने घेतला, आणि मग वेगळं दिसायचं म्हणून सगळ्यांनीच तो घेतला. माणसांची जात ती, तिथेपण तशीच.

महिन्याभरात एका दुपारी दादांनी लॅपटॉप उघडला आणि मला हाक मारली. "साळवीबाई, या. लवकर या!"

पुलावर तीसेक सकपाळ उभे होते. सगळ्यांच्या डोळ्याभोवती पांढरं, ओठाशी पांढरं, कानाखालचा तो फाटासुद्धा बरोब्बर, आणि डोक्यावर नावाची पाटी नसतेच त्या गेममध्ये. कुणी उड्या मारतंय, कुणी नाचतंय. दादा टाळ्या वाजवत हसायला लागले. आणि तेवढ्यात दीड वाजला आणि प्रज्ञा आली. पुलाच्या तोंडाशी थांबली. एका सकपाळपाशी गेली, तो पळून गेला. दुसऱ्यापाशी गेली, त्याने तलवार काढली. दादा टाइप करत होते, पण तीस जणांच्या गलक्यात त्यांची ओळ वर सरकून जायची. आणि तिची ओळ आली, "पप्पा, तुमच्यातले तुम्ही कुठले?"

दादांची बोटं थांबली. हसू कधी गेलं मला कळलंच नाही.

शेवटी तीच शोधत आली. नाचत नव्हता, उड्या मारत नव्हता, नुसता उभा होता असा एकच होता. तिने येऊन त्याच्यासमोर बैठक मारली.

लॅपटॉप मिटताना दादा म्हणाले, "बघितलंत बाई? कुठकुठच्या देशांत माझं तोंड चालतं." मग वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "खेडला तेवढं चालत नाही." मी उगीचच कपाटाला कुलूप घालत बसले.

पुढच्या एप्रिलअखेर ते रिटायर झाले आणि मे महिन्यात प्रज्ञाच्या मुलीचं नामकरण ठरलं. आता प्रज्ञाने हट्ट धरला. नवऱ्याला तिने सगळं सांगितलं होतं. तो बरा माणूस, पण आईपुढे तोंड उघडायचा नाही. तिने पुलावर येऊन लिहिलं, "पप्पा, बोट लागली असं मी सांगितलंय. तुम्ही या. जसे आहात तसे या. बाकी मी बघते." दादा हो म्हणाले. मला घरी येऊन सांगून गेले. मी बाळाला दोन झबली शिवलेली, ती त्यांच्याकडे द्यायला नामकरणाच्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवर गेले.

खेडची गाडी लागलेली. दादा कुठे दिसेनात. गाडीच्या दाराशी एक गृहस्थ उभा होता, नवी पँट, पांढरा शर्ट. मी त्याला ओलांडून पुढे गेले, परत फिरले, परत ओलांडलं.

"साळवीबाई," तो गृहस्थ म्हणाला.

मी बघतच राहिले. डोळ्याभोवती काही नाही, ओठाशी काही नाही, मान कानापासून कॉलरपर्यंत एका रंगाची. कुणाचाही चेहरा असावा तसा चेहरा.

"तुम्हीपण ओळखलं नाहीत ना?" ते खूश होऊन म्हणाले. "झालं तर मग. शेजारी पार्लरवाली मुलगी आहे, तीन वेळा रंग मिळवून बघितला तिने."

"पुसा ते," मी म्हटलं. आवाज चढला माझा, लोक बघायला लागले. "पुसा आधी! प्रज्ञा काय म्हणाली होती? जसे आहात तसे या."

"पोर आहे ती. तिला काय कळतंय." ते हळू बोलत होते, तोंड फार न हलवता. "बाई, मी तसाच गेलो तर ते लोक माझ्याकडे बघतील, बघू देत. पण माझ्यानंतर कुणाकडे बघतील? त्या दोन महिन्यांच्या पोरीचं झबलं वर करून डाग शोधतील. आज नाही, उद्या. रोज आंघोळ घालताना शोधतील. मला नको ते."

"घाम आला तर?" एवढंच विचारलं.

"रुमाल आहे. पुसायचं नाही, टिपायचं."

मे महिन्यातली सकाळ, आठ वाजताच अंगाच्या धारा. खेडपर्यंत चार तास. झबल्यांची पिशवी घेऊन ते चढले, खिडकीशी बसले. गाडी हलली आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला टाटा केला.

पांढराफटक हात. तोवर माझी नजर त्यांच्या तोंडावरून हललीच नव्हती. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत. हातांवरचं कोड तोंडाच्याही आधीचं, सगळ्यात जुनं. आणि हात रंगवायचे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. यायचं कसं? पुलावरच्या सकपाळला चामड्याचे हातमोजे होते. चेहराच तेवढा उघडा, चेहराच तेवढा घासूनपुसून जमवायचा, हीच सवय.

"दादा, हात!" मी ओरडले. "दादा, हात! हात!"

त्यांना वाटलं मी निरोप देते. त्यांनी दुसराही हात बाहेर काढला आणि दोन्ही हात हलवत गाडी वळेपर्यंत हसत राहिले. मोबाइलवर फोन लावला, तर तो गाडीच्या आवाजात त्यांनी उचलला नाही.

त्यानंतर मला ते दिसले नाहीत. खेडहून ते परस्पर गावी गेले, आणि पावसाळ्यात एका सकाळी छातीत कळ येऊन गेले. मला कळलं ते तिसऱ्या दिवशी.

महिन्याभराने कागदांवर सह्या करायला प्रज्ञा ऑफिसात आली. बाळ कडेवर. गोड पोर, सारखी हात पुढे करणारी. मी तिला घेतलं आणि मग प्रज्ञाला नामकरणाचं विचारलं, कारण तेच विचारायचं होतं.

"दारातच बघितलं मी त्यांना," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर काय बोलणार होते? रंग पुसा म्हणू? त्यांनीच सगळ्यांना नमस्कार केला, लांबूनच, मान झुकवून. बोटीच्या गोष्टी सांगितल्या. कुठून आणल्या होत्या कोण जाणे. सासरे तर एकदम खूश. पण बाळाला घेतलं नाही. मी दोनदा पुढे केली. म्हणाले, मला सर्दी आहे, लांबच बरा. जेवायलाही बसले नाहीत, पोट बिघडलंय म्हणाले. ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, तुझे वडील जरा शिष्टच वाटले ग, पहिल्या नातीला हातात घेतलं नाही."

"पुलावर?"

"परत आलेच नाहीत. मी रोज जायची दीड वाजता. तसले पुष्कळ उभे असायचे. एकेकाला विचारायची."

मग तिने मोबाइल काढून मला फोटो दाखवला. पाळणा, पाळण्याभोवती बायका, प्रत्येकीचा एक हात पाळण्यावर. मागे सकपाळदादा वाकून बाळाकडे बघतायत, अगदी जवळून, दोन्ही हात नव्या पँटच्या खिशात मनगटाच्याही वरपर्यंत खुपसलेले.

मी तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला. तोंड छान जमलं होतं.